भिंतीवरून उतरवलेला फोटो

ग्वाल्हेरच्या पडाव भागात उकडलेल्या शिंगाड्यांच्या गाड्या लागल्या की मला घरी पोचायला हटकून उशीर होतो. स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्याच्या कडेला चार-पाच गाड्या उभ्या असतात. वर ओलं पोतं, पोत्याखाली काळेभोर, वाफाळणारे शिंगाडे. विकणारा सुरीने एक चीर देतो, आतला पांढरा गर दाखवतो, वर मीठ आणि हिरवी चटणी घालून द्रोण पुढे करतो. मी स्कूटर कडेला लावून उभ्या उभ्या खातो. मागून रिक्षावाले हॉर्न वाजवत असतात, आणि अशा गलक्यात मला अटलांटिक महासागर आठवतो.

हसू येईल कोणालाही. ग्वाल्हेरहून कुठलाही समुद्र इतका लांब आहे, की आमच्याकडे लाट म्हटलं की लोकांना उन्हाचीच आठवते. पाणी म्हणजे गच्चीवरच्या टाकीतलं. ती भरून वाहायला लागली की खालून कोणीतरी ओरडतं, "अरे, मोटर बंद करा!" अशा गावातला मी.

पण तिकडे, पोर्तुगालच्या किनाऱ्यावरच्या एका लहान गावात, याच दिवसांत चौकाचौकांत चेस्टनट भाजायचे. तीच काळपट साल, सालीवर तशीच चीर, आत पिवळसर गर. पहिल्यांदा हातात कागदाचा पुडा आला तेव्हा ऋचा, म्हणजे माझी बायको, भर चौकात ओरडली होती, "अरे निखिल, ये तो अपने शिंगाडे आहेत!" मग एक तोंडात टाकून विचार करत म्हणाली, "शिंगाड्यांचे चुलतभाऊ आहेत. पैसेवाले."

त्या एका शरदाबद्दल लिहायचं मी कितीतरी दिवस टाळतो आहे. लिहायला बसलं की चेस्टनटचा धूर, ओल्या रबराचा वास, खारट ओठ असं सगळं भराभर येतं आणि मला वाटतं, वा, जमणार आज. मग मधेच मी स्वतः येतो. त्या ऋतूत मी ऋचाजवळचं काहीतरी काढून घेतलं आणि तिला कळूही दिलं नाही. त्याची मला लाज वाटते. कोणी पाहिलं तर वाटते तशी नाही. एकट्याने दाढी करतानासुद्धा वाटते.

कंपनीने दोन वर्षांसाठी पाठवलं होतं. मी संगणकासमोर बसायचो. ऋचा इथली शाळेतली नोकरी सोडून माझ्यासोबत आली होती. सुरुवातीचे तीन महिने ती त्या गावातल्या बायकांसारखी पाव आणायची, खिडकीबाहेरच्या दोरीवर कपडे वाळत घालायची आणि दोरीवरून उडालेला माझा बनियन खालच्या गल्लीत शोधत फिरायची. मासेमारीचं गाव, आम्ही दोघं शाकाहारी. एका खानावळीत बटाटा आणि कोबीचं हिरवं सूप मिळायचं. आम्ही "मांस नको" असं नीट पाठ करून सांगितलं. मालकाने मान डोलावली, सूप आणलं, आणि आमच्यादेखत त्यातली सॉसेजची चकती चमच्याने उचलून बाजूला ठेवली. झालं शाकाहारी! त्याच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की आम्ही मुकाट्याने ब्रेड खाऊन उठलो.

सर्फिंगचं खूळ ऋचाचंच. किनाऱ्यावर एका लाकडी खोपटात तेरेझाची शाळा होती. तेरेझा साठीची, उन्हाने रापलेली, केस कायम ओले. आमच्याशी इंग्रजीत बोलायची. तिथलं पाणी उन्हाळ्यात गार असतं आणि शरदात जरा ऊब धरतं, म्हणून शिकायचे दिवस हेच, असं तिनेच सांगितलं. पहिल्या दिवशी आम्ही दोघांनी ते रबरी वेटसूट उलटे घातले. चेन पोटावर. माझे पूर्वज दख्खनमधून घोड्यावर बसून ग्वाल्हेरपर्यंत आले, असं आमच्या घरात अभिमानाने सांगतात. त्यांचा हा वंशज वाळूत पालथा पडून, कोरड्या जमिनीवर ठेवलेल्या फळीवर उभं राहण्याचा सराव करत होता आणि तिथेही तोल जात होता.

पुढे आम्ही एक जुना बोर्ड विकत घेतला. दोघांत एक. बसमध्ये तो घेऊ देत नसत, म्हणून घरापासून किनाऱ्यापर्यंत चालत न्यायचा. पुढचं टोक ऋचाच्या काखेत, मागचं माझ्या. घर बदलताना पलंग नेतात तशी आमची वरात निघायची. वाटेत बाकावर बसलेले म्हातारे रोज काहीतरी बोलायचे. ऋचा भाषेच्या वर्गाला जायला लागल्यावर तिला ते कळायला लागलं.

"काय म्हणतात गं?" मी विचारायचो.

"म्हणतात, आज तरी नवरा उभा राहणार का?"

मीही हसायचो. तेव्हा खरंच हसायचो.

ऋचा तिसऱ्या दिवशी उभी राहिली. कशी, ते मी पाहिलं नाही, कारण त्या वेळी मी पाण्याखाली होतो. वर आलो तर ती लाटेवर उभी राहून किनाऱ्याकडे चालली होती, हात थोडे पसरलेले, आणि तोंडाने काहीतरी बडबडत होती. नंतर कळलं, भीती वाटू नये म्हणून ती शाळेतल्या हजेरीपटातली नावं क्रमाने म्हणत होती. मी लाटेवर तुटून पडायचो. ती थांबायची. तीन लाटा जाऊ द्यायची, चौथी घ्यायची. एवढाच फरक होता, आणि तो मला दोन वर्षांत भरून काढता आला नाही. दोन वर्षांत मी एकदाही धड उभा राहिलो नाही. गुडघ्यांवर आलो, बस.

दर रविवारी आईला व्हिडिओ कॉल असायचा. आई तेव्हा ग्वाल्हेरला, हरिशंकरपुरमच्या घरात एकटीच होती. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती. ती काय खाल्लं, थंडी किती, असं विचारायची, आणि मी सांगायचो की आम्ही समुद्रावर फिरायला जातो. फिरायला. सर्फिंगचं कधी बोललो नाही. ऋचाला म्हटलं होतं, "आई उगीच काळजी करेल." ते खरं नव्हतं. आई काळजी करणारी नव्हेच. ती तरुणपणी माधवगंजातल्या मुलींच्या शाळेत गणित शिकवायला लूनावरून जायची, पदर कमरेला खोचून, आणि वाटेत कोणी काही बोललं तर लूना थांबवून "क्या बोला?" असं विचारायची. मला भीती वेगळीच होती. ती विचारणार, "ऋचाला येतं का?" मग विचारणार, "आणि तुला?"

आता दुसऱ्या वर्षीच्या शरदातल्या त्या गुरुवारचं सांगतो.

ऋचा भाषेच्या वर्गाला गेली होती. मी ऑफिसातून लवकर सुटून भाड्याने घेतलेला वेटसूट परत करायला तेरेझाकडे गेलो. खोपटाच्या बाहेरच्या भिंतीवर, दाराशेजारी, पुरुषभर उंचीचा नवा फोटो लावला होता. ऋचाचा. शाळेसाठी कोणीतरी फोटो काढत असे. तिला पत्ताही नसणार. मागे हिरवी लाट उभी, तिच्या काठावर ऊन, आणि फळीवर ऋचा. गुडघे जरा वाकलेले, तोंड किंचित उघडं. कोणाचं तरी नाव हजेरीत घेत असावी.

माझं मन भरून आलं होतं, हे आधी सांगायला हवं. मी मोबाइल काढून त्या फोटोचा फोटो घेतला. आईला पाठवायचा असं त्या क्षणी ठरवूनही टाकलं. आईचा नंबर उघडलासुद्धा.

तेवढ्यात बाकावर बोर्डाला मेण घासत बसलेल्या दोन पोरांपैकी एकाने दुसऱ्याला माझ्याकडे बोट दाखवलं. "हिचा नवरा. तो पडणारा." एवढं पोर्तुगीज एव्हाना मलाही कळत होतं. दोघं हसली. दारात उभी असलेली तेरेझाही हसली, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "यालाही जमेल एक दिवस." त्यात कुजकेपणा जराही नव्हता. असता तर बरं झालं असतं, मला तिचा राग तरी करता आला असता.

मी मोबाइल खिशात टाकला. पोरं गेल्यावर तेरेझाला बाजूला घेतलं आणि अतिशय मऊ, सभ्य आवाजात म्हणालो की हा फोटो भिंतीवर नको. आमच्याकडे हे बरं दिसत नाही. आमचं गाव जुन्या वळणाचं आहे. माझ्या आईला कळलं तर फार वाईट वाटेल. ऋचाला स्वतः सांगायला संकोच होतो, म्हणून मी सांगतोय. कृपा करून तिच्यापाशी हा विषय काढू नका.

एकही शब्द खरा नव्हता. आईच्या नावाने, ग्वाल्हेरच्या नावाने, आणि सगळ्यात वाईट म्हणजे ऋचाच्या नावाने मी खोटं बोललो, आणि बोलताना मला जरासुद्धा अडखळायला झालं नाही. परक्या मुलखात आपल्या रीतीभातींचं नाव घेतलं की समोरचा माणूस वाद घालत नाही, हे मला कुठून तरी माहीत होतं. माझ्या पोटात दुखत होतं आणि मी ते दुखणं चार पिढ्यांच्या माथी मारलं.

तेरेझाने छातीवर हात ठेवला. पुन्हा पुन्हा माफी मागितली. आपल्याला विचारायला हवं होतं, म्हणाली. मग स्टूल आणून, वर चढून, चारही कोपऱ्यांचे खिळे स्वतःच्या हाताने काढले. मी स्टूल धरून उभा होतो.

संध्याकाळी ऋचा घरी आली तेव्हा मी तिच्यासाठी चेस्टनट आणले होते. "आज काय विशेष?" ती म्हणाली. काही नाही, असंच.

एवढ्यावर थांबलं असतं तर कदाचित मी स्वतःला कसंबसं समजावलं असतं. पण वसंतात तेरेझाला शनिवारच्या लहान मुलांच्या वर्गासाठी मदतनीस हवी होती. त्या आधीच्या उन्हाळ्यात ती ऋचाला दोनदा म्हणाली होती, "बघू, पुढच्या वर्षी तुला घेते." ऋचा त्यावर आशा ठेवून होती. घरात बसून कंटाळलेली शिक्षिका ती. मुलं आणि समुद्र, दोन्ही एका ठिकाणी. पोर्तुगीजमध्ये "गुडघे वाक", "घाबरू नको", "पुन्हा" असले शब्द तिने वहीत काढून पाठ केले होते. भांडी घासताना म्हणायची.

तेरेझाने दुसऱ्या एका मुलीला घेतलं. मला ताबडतोब कळलं का ते. चारचौघांत, पाण्यात, लोकांच्या मुलांपुढे उभं राहायचं काम. ज्या घरात फोटो चालत नाही तिथल्या बाईला ते विचारून अडचणीत कसं टाकायचं? तेरेझाने मान राखला होता, मी सांगितलेल्या खोट्याचा.

त्या दिवशी ऋचा स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला वाटत होतं तेवढं येत नाही बहुतेक मला."

मी तिच्या शेजारीच उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं. मी म्हणालो, "जाने दे ना. शौक ही तो था."

आणि मग रात्रीच्या जेवणाला साबुदाण्याची खिचडी केली, तिला आवडते म्हणून. ती म्हणाली, तू किती चांगला आहेस. मी खिचडी वाढून घेतली. हे लिहिताना हात थांबतो माझा.

त्यानंतरही ती समुद्रावर यायची, पण बोर्ड उचलताना आधी मला विचारायची, "जाऊ का आज? लाटा मोठ्या नाहीत ना?" हळूहळू येणं कमी झालं. आम्ही बोर्ड विकून परतलो. परतून चार वर्षं झाली.

माणसाच्या मनात एखादं वाक्य घर करतं ते कसं, हे मी रोज पाहतो आहे. सुरुवातीला, आईला आणि शेजाऱ्यांना तिकडचं सांगताना, "सर्फिंग जमलं नाही" एवढंच होतं. मग शाळेत मुख्याध्यापिकेच्या जागेसाठी तिला विचारलं, तर "मला नाही जमणार." गाडी शिकायची, तर "तूच चालव." आईला तिच्यातला हा बदल समजत नाही. एकदा मला म्हणाली, "तिकडे जाण्याआधी ही मुलगी अशी नाही होती रे. कोणी काही बोललं का हिला तिथे?" मी म्हटलं, नाही. आणि लगेच पेपर उघडला.

या ऑक्टोबरातली, आठ दिवसांपूर्वीची गोष्ट. दिवाळीच्या चकल्यांसाठी भाजणीचं धान्य धुऊन गच्चीवर सावलीत पसरलं होतं. दुपार होती. आई आणि ऋचा बसून डाळीतले खडे वेचत होत्या आणि मी टाकीचं झाकण बसवत होतो. कॉलनीतल्या एक बाई वर आल्या. जवळच्या पोहण्याच्या तलावात बायका-मुलींचा वर्ग सुरू होतोय, शिकवायला कोणीतरी हवं आहे, कोणीतरी ऋचाचं नाव सांगितलं. "आप तो समुंदर में जाती थीं ना?"

ऋचा हसली. "नाही हो, वो तो बस ऐसे ही. मला तितकं येत नाही. तिथल्या मॅडमनी सुद्धा मला घेतलं नव्हतं शिकवायला." असं म्हणून तिने पुन्हा डाळीत बोटं घातली. अगदी सहज म्हणाली, आपली उंची सांगावी तसं.

बाई गेल्या. आईने माझ्याकडे पाहिलं. आई पाहते तेव्हा अजूनही आपलं गणित चुकलंय असं वाटतं.

मी तिथेच, टाकीला टेकून, सगळं सांगितलं. त्या दोघींच्या मध्ये पसरलेल्या धान्याकडे बघत सांगितलं. फोटो, ती दोन पोरं, स्टूल, आईचं नाव, शनिवारचा वर्ग. सांगायला पाच मिनिटंही लागली नाहीत. एवढीशी गोष्ट होती आणि मी ती पाच वर्षं सांभाळत बसलो होतो.

आधी आई बोलली. "माझं नाव सांगितलंस?" आवाज चढवला नाही. "मला विचारायचं तरी." चादरीवरचं धान्य तिने उगाचच हाताने सारखं केलं, आणि मग उठून जिना उतरून खाली गेली. गुडघे दुखतात तिचे. कठड्याला धरून एकेक पायरी उतरत गेली. मी हात द्यायला पुढे झालो तर म्हणाली, "राहू दे."

ऋचा तशीच बसली होती. तिने विचारलं, "म्हणजे मला येत होतं?"

"हो."

"चांगलं?"

"तिथे येणाऱ्या सगळ्यांपेक्षा. तेरेझा स्वतः म्हणायची."

तिचा चेहरा उजळला. खरंच उजळला. मी जणू थप्पड खायला गाल पुढे करून उभा होतो आणि ती हसत होती. काही क्षण तिला माझा विसरच पडला. राग नंतर आला. आधी आनंद आला, इतके दिवस उपाशी ठेवलेल्या माणसाला पहिला घास मिळावा तसा, आणि तो मला पाहवेना.

मग तिने मान वर केली. "पण हे तरी खरं कशावरून? सच बोल रहा है? की मला बरं वाटावं म्हणून?"

मी जुना मोबाइल शोधून आणून तिला तो फोटो दाखवला. तिने बोटांनी मोठा केला, लहान केला, पुन्हा मोठा केला. म्हणाली, "फोटोत तर कोणीही उभं दिसतं." खरं होतं तिचं. माझ्या शब्दाला आता काही किंमत उरली नव्हती. मी तिचं खरं कौतुक करायला लागलो तरी ते खोटं वाटणार होतं.

"तेरेझाला फोन लाव," ती म्हणाली.

तिकडे सकाळ असणार, खोपटाचं दार उघडायची वेळ. शाळेचा नंबर अजून माझ्याकडे होता. मी लावला. ऋचाने हात पुढे करून स्पीकर चालू केला.

बराच वेळ घंटी वाजली. मग तोच घोगरा आवाज. मी माझं नाव सांगितलं. "कोण?" ती म्हणाली. पुन्हा सांगितलं. भारतातून आलो होतो, दोन वर्षं होतो, असंही सांगितलं. तिला आठवेना. मी म्हणालो, ऋचाचा नवरा.

"ऋचा!" फोनमधून आवाज इतका मोठा आला की कठड्यावरची कबुतरं उडाली. "कशी आहे ती? अजून जाते ना पाण्यात? तिच्यासारखी वाट बघणारी मुलगी मला पुन्हा भेटली नाही. माझी फार इच्छा होती, की तिने माझ्या मुलांना शिकवावं."

ऋचाने डोळ्यांना पदर लावला. मी फोन तिच्यापुढे धरला. तिने घेतला नाही.

"पहले तू बोल," ती म्हणाली. "तिला सांग."

तिकडे तेरेझा, "हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का?" असं विचारत होती. मी फोन परत तोंडाजवळ घेतला.

"तेरेझा," मी म्हणालो, "तो फोटो भिंतीवरून उतरवायला ऋचाने सांगितलं नव्हतं."